हलके ओझे, लांब वाट

मुलांनो, धुळ्याहून मालेगावकडे जाणाऱ्या एस.टी.त तुम्ही कधी बसला आहात का? बसला असाल, तर शहर सोडल्यावर नऊ-दहा किलोमीटरांवर एक उघडाबोडका डोंगर तुम्ही नक्की पाहिला असेल. त्याच्या माथ्यावर पडक्या भिंती दिसतात. तो लळिंगचा किल्ला. बसमधले बहुतेक लोक त्याच्याकडे एकदा बघतात आणि पुन्हा डोळे मिटून घेतात. मीही कित्येक वर्षे तेच करत होतो.

आता मात्र महिन्यातून दोन-तीन रविवार मी त्या डोंगरावर असतो. पहाटे फजरची नमाज झाली की मी घरातून निघतो. पायात बूट, कमरेला एक लहान पिशवी, हातात पाण्याची बाटली. गावाच्या मागून वाट वर चढते. चढ सोपा असला की मी धावतो, अवघड असला की भरभर चालतो, आणि वर पोहोचलो की दहा मिनिटे बसून खाली उतरतो. पहिल्यांदा मी असा धावत खाली आलो, तेव्हा गावातल्या एका आजीबाईंनी काळजीने विचारले, "काय रे बाबा, मागे कोण लागले?" मागे कोणीच लागलेले नाही, मी आपला आनंदासाठी पळतो आहे, हे त्यांना पटवून द्यायला मला बराच वेळ लागला. त्यांना ते पटले की नाही, कोणास ठाऊक.

या खेळाला इंग्रजीत 'ट्रेल रनिंग' म्हणतात. आपण त्याला रानवाटेची दौड म्हणू. शाळेच्या मैदानावर तुम्ही धावता, तेव्हा जमीन सपाट असते. पाऊल कुठे पडेल, याचा विचार करावा लागत नाही. रानवाटेवर दगड असतात, मुळे असतात, काटे असतात. तिथे पायांबरोबर डोळ्यांनाही काम असते. शंभर मीटरच्या शर्यतीत वय वाढल्यावर फार थोडे लोक टिकतात. रानवाटेवर मात्र साठ वर्षांचा माणूसही विशीतल्या मुलाला गाठू शकतो. तिथे केवळ वेग उपयोगी पडत नाही. दम, सवय आणि वाट ओळखण्याची अक्कल लागते.

तुम्हांला वाटेल की ही नवी, परदेशी हौस आहे. नाव नवे आहे खरे. पण आपल्या खानदेशात माणसे डोंगरांतून फार पूर्वीपासून धावत आली आहेत.

इब्ने बतूता हे नाव तुम्ही उर्दूच्या किंवा इतिहासाच्या तासाला ऐकले असेल. तो मोरोक्को देशातील तांजा शहराचा राहणारा. १३३३ मध्ये तो सिंधू नदीच्या प्रदेशात आला आणि पुढे दिल्लीच्या मुहम्मद तुघलकाच्या दरबारात राहिला. दिल्लीहून निघाल्यावर तो दौलताबादला आला आणि तेथून नंदुरबारला गेला. म्हणजे हा जगप्रवासी आपल्या खानदेशातून गेला आहे! नंदुरबार हे मराठे लोकांचे लहान शहर आहे, असे त्याने आपल्या सफरनाम्यात लिहून ठेवले आहे. (१९९८ पर्यंत नंदुरबार धुळे जिल्ह्यातच होते.)

याच सफरनाम्यात त्याने हिंदुस्थानातील टपालाचे वर्णन केले आहे. त्या काळी दोन प्रकारचे टपाल होते. एक घोड्यांचे आणि दुसरे पायी धावणाऱ्या माणसांचे. पायी टपालासाठी मैलाच्या दर तिसऱ्या हिश्श्यावर एक चौकी असे. चौकीवर माणसे कंबर कसून तयार बसलेली असत. धावणाऱ्याच्या एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात दोन हात लांबीची काठी असे. काठीच्या टोकाला तांब्याच्या घंटा बांधलेल्या असत. तो धावू लागला की घंटा वाजत. घंटांचा आवाज दुरून ऐकू आला की पुढच्या चौकीवरचा माणूस उठून उभा राही, पत्र घेई आणि जीव घेऊन पळत सुटे. इब्ने बतूता म्हणतो की हे पायी टपाल घोड्यांच्या टपालापेक्षाही लवकर पोहोचत असे. खुरासानची फळे सुलतानापर्यंत याच मार्गाने जात. सुलतान दौलताबादला असताना त्याच्यासाठी गंगेचे पाणी असेच नेले जाई. ती वाट चाळीस दिवसांची होती.

घोड्यापेक्षा माणूस लवकर कसा पोहोचेल? याचे उत्तर त्या चौक्यांमध्ये आहे. प्रत्येकाला थोडेच अंतर धावायचे होते आणि हातात फक्त एक पत्र होते. ओझे हलके आणि माणूस ताजा, म्हणून वेग जास्त.

इब्ने बतूता इकडून गेल्यानंतर काही दशकांनी खानदेशात फारुकी घराणे आले. १३७० मध्ये फिरोजशाह तुघलकाने मलिक राजा फारुकीला तापीकाठच्या थाळनेरची जहागीर दिली. १३९९ मध्ये मलिक राजाचा मृत्यू झाला. त्याने लळिंगचा किल्ला थोरला मुलगा नसीरखान याच्याकडे आणि थाळनेर धाकट्या मुलाकडे दिले होते. नसीरखानाने पुढे असीरगड घेतला आणि बुऱ्हाणपूर शहर वसवले. पण १४३७ मध्ये बहमनी फौजेने त्याचा पराभव केला, तेव्हा तो पुन्हा लळिंगलाच आश्रयाला आला. तिथेच त्याचा शेवट झाला. लळिंगच्या माथ्यावर बसलो की मला नेहमी एक प्रश्न पडतो : पराभवाची बातमी घेऊन त्या रात्री या चढावर कोण धावले असेल? राजाचे नाव बखरीत राहिले. हरकाऱ्याचे नाव कोणी लिहिले नाही.

धावण्याच्या अशा दोन गोष्टी मात्र सगळ्यांना माहीत आहेत. दोन्ही आयांच्या आहेत. हजरत हाजरा यांनी तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात फेऱ्या मारल्या. आजही हज आणि उमरा करणारे लोक त्याच वाटेने सात वेळा जातात आणि मधल्या भागात पुरुष हलके धावतात. एक फेरी सुमारे साडेचारशे मीटरची, म्हणजे सगळे मिळून तीन किलोमीटरांहून थोडे जास्त अंतर होते. दुसरी गोष्ट आपल्या रायगडची. गडाचे दरवाजे बंद झाले, म्हणून हिरकणी गवळण घरी असलेल्या बाळासाठी रात्री कडा उतरून गेली, असे सांगतात. मराठीच्या तासाला हिरकणीची गोष्ट सांगताना मला हाजरा आठवतात आणि घरी हाजरांची गोष्ट सांगताना हिरकणी. वाळवंट वेगळे, सह्याद्री वेगळा. आईचे पाय तेच.

म्हणून मुलींनो, हा खेळ मुलांचा आहे असे समजू नका. हजरत आयेशा आणि पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी धावण्याची शर्यत लावल्याची हकीकत हदीसमध्ये आली आहे. पहिल्या शर्यतीत हजरत आयेशा जिंकल्या होत्या! आणि आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातली कविता राऊत पाहा. सावरपाडा या लहानशा आदिवासी पाड्यावर ती वाढली. डोंगराळ भाग, अनवाणी पाय आणि पाण्यासाठी लांबची पायपीट. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले. त्याच वर्षी चीनमधील ग्वांगझू येथे आशियाई स्पर्धेत तिला रौप्यपदक मिळाले. लोक तिला 'सावरपाडा एक्सप्रेस' म्हणू लागले. सलवार-कमीज घालून आणि ओढणी मागे घट्ट बांधून टेकडी चढता येते. माझ्या वर्गातल्या मुलींनी ते मला करून दाखवले आहे आणि दोघींनी मला मागेही टाकले आहे.

सातपुड्यात तर दरवर्षी दिवाळीला हजारो लोक डोंगर चढतात. नंदुरबार जिल्ह्यात अस्तंभा नावाचे शिखर आहे. त्याची उंची सुमारे १३२५ मीटर आहे. महाभारतातला अश्वत्थामा कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत अजून या डोंगरांत फिरतो, अशी तिथली समजूत आहे. यात्रेकरू तळोद्याकडून रानातून पायी निघतात, रात्रीच्या अंधारात चढण चढतात आणि दर्शन घेऊन परत फिरतात. त्यांच्याकडे महागडे बूट नसतात, तंबू नसतात. फडक्यात बांधलेली भाकरी, थोडे पाणी आणि एक काठी. आज परदेशातले गिर्यारोहक ज्याला 'हलकी मोहीम' म्हणतात, ती हीच.

गिर्यारोहणात ही गोष्ट समजायला मात्र मोठमोठ्या लोकांनाही वेळ लागला. १९५३ मध्ये तेनझिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले, तेव्हा त्या मोहिमेचे सामान वाहण्यासाठी साडेतीनशेहून अधिक हमाल लागले होते. १९८० मध्ये राइनहोल्ड मेसनर हा इटलीचा गिर्यारोहक त्याच शिखरावर एकटा गेला. पाठीवर एक पिशवी, आणि प्राणवायूची नळकांडी अजिबात नाहीत. स्पेनच्या किलियन जॉर्नेटने २०१३ मध्ये आल्प्स पर्वतातील मॅटरहॉर्न हे ४४७८ मीटर उंचीचे शिखर पायथ्याच्या गावातून चढून पुन्हा गावात येण्यास २ तास ५२ मिनिटे घेतली. तो लहानपणी डोंगरातल्या एका सरायमध्येच वाढला होता.

पण मला यांच्यापेक्षा एक मेंढपाळ जास्त आवडतो. त्याचे नाव जॉस नेलर. इंग्लंडच्या उत्तर भागात तळ्यांचा आणि डोंगरांचा एक प्रदेश आहे. १९३२ मध्ये तिथल्या बॉब ग्रॅहम नावाच्या गृहस्थाने चोवीस तासांच्या आत ४२ शिखरे पार केली होती. तेव्हापासून त्या भागात डोंगर धावण्याचे वेडच लागले. नेलर तिथला मेंढ्या पाळणारा शेतकरी. लहानपणापासून त्याची पाठ दुखायची. पुढे पाठीवर शस्त्रक्रियाही झाली. तरी १९७५ मध्ये त्याने एका दिवसात ७२ शिखरे केली. १९९६ मध्ये तो साठ वर्षांचा झाला, तेव्हा त्याने ३६ तासांत ६० शिखरे केली. सत्तर वर्षांचा झाला, तेव्हा ७० शिखरे! आणि हे सगळे मेंढ्या सांभाळून. २०२४ मध्ये तो वारला. आपल्याकडे सेवानिवृत्तीनंतर माणूस ओट्यावर बसतो आणि गुडघ्यांची तक्रार करतो. मला तसे म्हातारे व्हायचे नाही.

आता माझ्या मूर्खपणाची एक गोष्ट सांगतो. ती सांगायला लाज वाटते, पण सांगितलीच पाहिजे.

धावायला लागून मला एक वर्ष झाले होते. मेसनर आणि जॉर्नेट यांच्याविषयी वाचून डोके फिरले होते. हलके जायचे, आणखी हलके जायचे! एप्रिल महिना होता. सोबतचा मित्र येतो येतो म्हणून आलाच नाही. त्याची वाट पाहता पाहता साडेनऊ वाजले. तरीही मी लळिंगला निघालो. हातात अर्धा लिटर पाणी. टोपी घरीच राहिली. वर पोहोचेपर्यंत बाटली रिकामी झाली होती. नेहमीच्या वाटेने उतरलो असतो तरी निभावले असते. पण मला नवी वाट शोधायची हौस. मी मागच्या धारेवरून उतरलो आणि एका नाल्यात शिरलो. नाला वळत वळत भलतीकडेच गेला. झाडे म्हणजे बोरी, बाभळी आणि निष्पर्ण सालई. सावली नावालाही नाही. दगडांतून भट्टीसारखी आच येत होती.

आधी डोके दुखू लागले. मग एवढ्या उन्हात अंगावर काटा आला, थंडी वाजल्यासारखी. मळमळू लागले. आपली शुद्ध ठीक आहे का, हे पाहावे म्हणून मी तेराचा पाढा म्हणू लागलो. तेरा सक अठ्ठ्याहत्तर. पुढे काही केल्या आठवेना. मुलांना रोज पाढे म्हणायला लावणारा मी, आणि तेरा साते किती, ते मला येईना. त्या क्षणी मी खरा घाबरलो. घरची माणसे डोळ्यांसमोर आली.

नाल्याच्या काठावर शेळ्या दिसल्या. त्यांच्यामागे एक वयस्कर मेंढपाळ होता. मला झोकांड्या खाताना पाहून तो ओरडला, "इतला उनमा कोठे पयी ऱ्हायना, भाऊ?" त्याने माझा दंड धरला आणि मला एका कडुनिंबाखाली नेले. "बस आठे, सावलीमा." माझे बूट काढले, शर्टाची बटणे सोडली. आपले उपरणे पाण्यात भिजवून माझ्या डोक्यावर आणि मानेवर ठेवले आणि हाताने वारा घालू लागला. मी त्याच्या कॅनकडे झडप घातली, तेव्हा त्याने तो मागे ओढला. "धीरे धीरे पे," तो म्हणाला. एकेक घोट करून त्याने मला स्वतःचे जवळजवळ सगळे पाणी पाजले. तासाभराने मला पाढा आठवला. तेरा साते एक्क्याण्णव. त्याने शेळ्या वळवल्या आणि गावापर्यंत माझ्याबरोबर आला. त्याने पैसे घेतले नाहीत. घरी अम्मीने महिनाभर माझे बूट लपवून ठेवले.

पुढे वाचल्यावर मला कळले की त्या मेंढपाळाने नेमके तेच केले, जे डॉक्टर सांगतात. उन्हाचा झटका येऊ लागला की माणसाला सावलीत न्यावे, अंग ओले करावे, वारा घालावा, शुद्धीवर असेल तर घोट घोट पाणी द्यावे. माणूस बरळू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तोंडात पाणी ओतू नये, अंग गार करत ताबडतोब दवाखान्यात न्यावे. घामामुळे आपले शरीर थंड राहते. पाणी संपले की घाम कमी होतो आणि शरीर आतून तापू लागते. आपल्या खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३-४४ अंशांवर जातो. आल्प्समधल्या माणसाची नक्कल इथे चालत नाही. तो बर्फात जातो. आपण तव्यावर जातो.

म्हणजे हलके जाणे चूक आहे का? नाही. हलके म्हणजे रिकामे नव्हे, एवढेच मला उशिरा कळले. मी आता काय काय नेतो, ते सांगतो. टोपी. दोन बाटल्या पाणी, कारण धावताना ताशी अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागते आणि उन्हात त्याहून जास्त. एका पुडीत साखर-मीठ. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातले की जीवनजल तयार होते. चमचा चहाचा घ्यावा. चार-पाच खजूर, मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. एक पट्टी, एक शिट्टी, मोबाईल. हे सगळे मिळून तीन किलोही भरत नाही. त्यात सर्वांत जड पाणी, आणि तेच जाताना हलके होत जाते. छत्री, जाड टॉवेल, स्टीलचा डबा, गाणी वाजवायचा डबा, हे घरी ठेवावे. (सहलीला मुले काय काय आणतात, ते मी पाहिले आहे. एकाने उशी आणली होती.)

घरातून निघण्याआधी आपण कोणत्या डोंगरावर जातो आणि कधी परतणार, हे घरी सांगावे. एकट्याने जाऊ नये. तुम्ही तर शिक्षक किंवा मोठी माणसे सोबत असल्याशिवाय जाऊच नये. रमजानच्या रोज्यात मी डोंगरावर जात नाही. इफ्तारच्या थोडे आधी मोहल्ल्याबाहेर सपाट रस्त्यावर फिरतो, तेवढे पुरे होते.

चढताना लाज बाळगू नका. चढ उभा असेल, तर मोठमोठे धावपटूही चालतात. पावले लहान टाकावीत, थोडे पुढे झुकावे, गुडघ्यांवर हात टेकले तरी चालतात. बोलता येईल इतपतच दम लागू द्यावा. उतारावर मात्र खरी परीक्षा असते. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात, त्या चढामुळे नव्हे, उतारामुळे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचे वजन पेलतो, म्हणून तो जास्त दुखावतो. लांब ढांगा टाकून टाच आपटली, तर गुडघ्याला हिसका बसतो. लहान, चटचट पावले टाकावीत आणि नजर पायाशी न ठेवता चार-पाच पावले पुढे ठेवावी. बकरी कशी उतरते, ते नीट पाहा. तिला कोणी शिकवलेले नसते.

रानात आपण पाहुणे असतो. दगडाखाली फुरसे, घोणस किंवा विंचू असू शकतो. न पाहता हात घालू नये. साप चावलाच, तर जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. तो हात किंवा पाय हलू न देता माणसाला लवकर सरकारी दवाखान्यात न्यावे. सापाच्या विषावर तेच औषध आहे. मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत मिळत नाही. किल्ल्यांच्या कड्यांना आग्या मोहोळ असते. तिथे धूर करू नये, दगड मारू नये आणि आरडाओरडा करू नये. आणखी एक. जुम्म्याला लावता तसे अत्तर लावून डोंगरावर येऊ नका! मधमाश्यांना सुगंधाची चीड येते.

सुरुवात कुठे करावी? जळगावच्या मुलांना मेहरूण तलावाची वाट आहे. सकाळी तिथे चालणारे आणि धावणारे भेटतात. तिथे सवय झाली की यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी मनुदेवीचे ठिकाण आहे. पावसाळ्यात तिथला धबधबा पाहण्यासारखा असतो. चाळीसगावच्या मुलांना पाटणादेवी जवळ. तो भाग १९८६ पासून गौताळा अभयारण्यात आहे, म्हणून वनखात्याचे नियम पाळावे लागतात. तिथून कन्हेरगड दिसतो आणि पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे वाट जाते. गणिताची भीती वाटणाऱ्यांनी पाटण्याला जरूर जावे. थोर गणिती भास्कराचार्य यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, १२०७ मध्ये तिथे मठ स्थापन केला, असे तिथला शिलालेख सांगतो. याच भास्कराचार्यांच्या 'लीलावती'चे फारसी भाषांतर अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये केले. धुळ्याला लळिंग आणि सोनगीर आहेतच. आणि मोठे झाल्यावर तोरणमाळ पाहा. सुमारे ११५० मीटर उंची आहे. दर शंभर मीटरला हवा अर्ध्या अंशाहून थोडी जास्त गार होते. खाली घामाने निथळणारा माणूस वर गेल्यावर स्वेटर मागतो.

अम्मीने बूट परत दिले, त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी पुन्हा लळिंगला गेलो. जून महिना लागला होता आणि एक पाऊस पडून गेला होता. मी पाव किलो खजूर बरोबर घेतले होते. मेंढपाळ कुरणाच्या कडेला शेळ्या चारत होता. त्याने मला लांबूनच ओळखले. खजूर घेतले, एक तोंडात टाकला, बाकीचे धोतराच्या सोग्यात बांधले. मग माझ्याकडे निरखून पाहिले.

"आज पानी लई उना ना, भाऊ?"

मी दोन्ही बाटल्या काढून दाखवल्या. डोक्यावरची टोपीही दाखवली. तो हसला आणि काठीने वरच्या वाटेकडे खूण करून म्हणाला,

"आते पय!"

शब्दार्थ : हरकारा – पत्रे पोहोचवणारा, कासिद. चौकी – थांबण्याचे ठिकाण. पायपीट – खूप चालणे. धार – डोंगराची अरुंद कड. निष्पर्ण – पाने नसलेले. आच – गरमी. झोकांड्या खाणे – तोल जाऊन डगमगणे. कुरण – चराईचे रान. सोगा – धोतराचे टोक. पयी ऱ्हायना (अहिराणी) – पळतो आहेस. आठे (अहिराणी) – इथे. लई उना (अहिराणी) – घेऊन आलास. आते पय (अहिराणी) – आता पळ.

स्वाध्याय
१. इब्ने बतूताने वर्णन केलेले पायी टपाल घोड्यांच्या टपालापेक्षा लवकर का पोहोचत असे?
२. 'हलके म्हणजे रिकामे नव्हे' असे लेखकाला केव्हा वाटले? तो प्रसंग तुमच्या शब्दांत लिहा.
३. मेंढपाळाने लेखकाला पाणी हळूहळू का पाजले असेल?
४. तुमच्या गावाजवळच्या एका टेकडीची किंवा किल्ल्याची माहिती घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा.
५. हाजरा आणि हिरकणी यांच्या गोष्टींपैकी एक गोष्ट वर्गात मराठीत सांगा.